आत्याने पाहिलेली कॉलेजं

त्या वर्षी आमच्या घरातून दोघीजणी कॉलेजात जायच्या होत्या. एक मी, नुकतीच एस.एस.एल.सी. झालेली, सोळा वर्षांची आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर घेऊन हिंडणारी. दुसरी माझी आत्या. आत्या म्हणजे बाबांची सगळ्यांत धाकटी बहीण, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. ती मॅट्रिक झाली त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं आणि पुरती तीन वर्षंही झाली नव्हती तोवर तिचा नवरा विषमज्वराने गेला. सासर साताऱ्याकडचं. नवरा गेल्यावरही ती कितीतरी वर्षं तिथेच राहिली, सासूचं दुखणं काढत आणि दिरांच्या पंगतीला पोळ्या लाटत. मग बाबा एकदा तिला भेटायला गेले, तिचे हात बघितले, आणि 'थोडे दिवस माहेरी नेतो' असं सांगून तिला बंगळूरला घेऊन आले. त्या थोड्या दिवसांना आता दीड वर्ष होऊन गेलं होतं.

सासरहून पत्रं यायची. घरात करायला कुणी नाही, आता पाठवा. बाबा स्वभावाने भिडस्त. 'पाठवत नाही' असं सरळ लिहिणं त्यांच्याच्याने होईना. शेवटी त्यांना कॉलेज सुचलं. शिकत्या बाईला मधेच उठवून परत मागणं जरा अवघडच जातं, असा त्यांचा हिशेब. त्यांनी कळवलं, की ती जूनमध्ये कॉलेजात जाणार आहे. नाहीच जमलं तर मी स्वतः तिला आणून सोडीन. हे शेवटचं वाक्य त्यांनी भिडेपोटी लिहिलं, पण लिहिलं. म्हणजे कॉलेज मिळालं तर आत्या आमची, नाहीतर परत साताऱ्याकडची चूल. हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यात बाबांची आणखी एक अट होती. आम्ही के. आर. पुरमला राहायचो, कारखान्याच्या वसाहतीत. आता तिथे उड्डाणपूल आणि मेट्रो वगैरे आहे म्हणतात. तेव्हा वसाहत संपली की नाचणीची शेतं सुरू व्हायची आणि मारतहळ्ळीहून दूधवाला सायकल मारत यायचा. शहरात जायचं म्हणजे पॅसेंजर गाडीने. एकटीदुकटी मुलगी रोज गाडीने जाणार हे बाबांना मान्य नव्हतं. 'दोघी एकाच कॉलेजात जाल, एकमेकींच्या सोबतीने. नाहीतर कुणीच नाही,' ते म्हणाले. मला राग आला. पण आत्याच्या चेहऱ्याकडे बघून मी तो गिळला, आणि राग गिळणं मला कधीच फारसं जमलेलं नाही.

आता एवढं सगळं पणाला लागलेलं असताना कुठल्याही शहाण्या बाईने मिळेल त्या कॉलेजचा अर्ज भरला असता. आत्या म्हणाली, "मला आधी बघायची आहेत."

"काय बघायची आहेत?" बाबांनी विचारलं.

"कॉलेजं. कुठलं कसं दिसतं ते. सगळी बघीन आणि मग सांगीन."

"बाळ, कॉलेज म्हणजे काय स्थळ आहे?"

"स्थळ बघायला कुठे मिळालं, दादा? निदान हे तरी बघू दे."

आत्याचं लग्न बाबांनीच ठरवलं होतं. मुलाकडचे आले होते, आत्याला चालून दाखवायला लावलं होतं, वेणी सोडून केस बघितले होते, गाणं म्हणायला सांगितलं होतं. तिने मुलगा पाहिला तो थेट अंतरपाट दूर झाल्यावर. त्यामुळे बाबांनी खाली मान घातली आणि म्हणाले, "बरं. रविवारी नाही चालायचं, ऑफिसं बंद असतात. शनिवारी अर्धा दिवस सुटी काढतो."

अशी आमची कॉलेजं बघायची मोहीम सुरू झाली. बरोबर आई होतीच. शिवाय शेजारच्या अक्का. अक्कांचे यजमान कारखान्याच्या हिशेबखात्यात होते. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. अक्कांच्या मराठीत निम्मं कानडी असे आणि त्याबद्दल त्यांना तिळमात्र संकोच नसे. आम्हाला कानडी धड येत नव्हतं, म्हणून अक्का हव्याच. निघताना आई आत्याला म्हणाली, "वन्सं, ती बारीक काठाची निळी नेसा की. चांगलं दिसेल."

"आपण बघायला जाणारे, वहिनी. नटायचं त्यांनी," आत्या म्हणाली. आई तोंडाला पदर लावून हसत राहिली. आत्याला विनोद करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पहिलं पाहिलं ते कँटोन्मेंटमधलं, नन चालवत असलेलं मुलींचं कॉलेज. रूप म्हणाल तर अगदी नाकी-डोळी नीटस. लाल कौलांच्या बैठ्या इमारती, वाटेच्या दोन्ही अंगांना गुलाबाचे वाफे, मध्ये हिरवळ, ती इतकी देखणी की तिच्यावर पाय ठेवायचा की तिला नमस्कार करायचा ते कळेना. व्हरांड्यातला लाल कोबा आरशासारखा घासलेला. त्यात आईला आपल्या वहाणा दिसल्या आणि तिने त्या चटकन काढून हातात घेतल्या. "अय्यो, देऊळ नव्हे हो ते! घाला, घाला," म्हणत अक्कांनी तिला त्या परत घालायला लावल्या. मी तर तिथल्या तिथे प्रेमात पडले. मला वाटलं, आपण या वाटेवरून पुस्तकं छातीशी धरून चालायला लागलो की आपला स्वभावसुद्धा आपोआप गोड होईल.

एक वयस्कर नन आम्हाला भेटायला आल्या. त्यांनी माझ्याकडे बघून, मग आत्याकडे बघून, इंग्रजीत विचारलं, "तुम्ही हिच्या आई का?"

आत्याने शब्द जुळवायला थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "नो. स्टुडंट."

ननबाई क्षणभर थबकल्या, मग हसल्या, आणि आम्हा सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलं. बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, की इथे बहुतेक मुली इंग्रजी शाळांतून आलेल्या, शिकवणं सगळं भरभर इंग्रजीत, आणि इतक्या वर्षांच्या खंडानंतर तुम्हाला ते जड जाईल. इतक्या मायेने सांगितलं की माझ्यासारखीलाही चिडायला जागा उरली नाही. बाहेर पडल्यावर बाबांनी विचारलं, "काय, कसं वाटलं?"

"देखणं आहे," आत्या म्हणाली. "पण इथे धूळसुद्धा परवानगी काढून बसत असेल. आपलं जमायचं नाही या घराशी."

दुसऱ्या शनिवारी पाहिलं ते मुलींचं सरकारी कॉलेज. त्याचं रूप निराळं. बाहेरून बघाल तर उंच भिंत, तिच्यावरून उतू चाललेली बोगनवेल. आत मात्र जुनी, घेरदार आंब्याची झाडं, त्यांच्या बुंध्यांना पार बांधलेले, आणि पारांवर मुली. एक झोपली होती, दोघी एकीच्या डब्यातलं चित्रान्न, म्हणजे इकडचा लिंबाचा पिवळा भात, खात होत्या, एक तारस्वरात काहीतरी पाठ करत होती. नन लोकांचं कॉलेज बघताना माणूस ताठ चालतो. इथे आल्यावर माझे खांदे आपोआप सैल झाले. मी लगेच मत बदललं. सोळाव्या वर्षी मत बदलायला काही खर्च येत नाही.

फाटकाशी फुलवाल्या बसल्या होत्या. मल्लिगे म्हणजे आपला मोगरा, शेवंती, अबोली. बंगळूरला शाळकरी पोरीपासून म्हातारीपर्यंत सगळ्या डोक्यात फुलं माळतात, ते बघून आईला सुरुवातीला नवल वाटायचं. एक फुलवाली "बन्नी अक्का, बन्नी", या ताई, या, म्हणत आत्यापुढे आली, गजऱ्याचं एक टोक मुठीत धरून कोपरापर्यंत माप घेतलं, आणि मग तिची नजर आत्याच्या कपाळावर गेली. तिने तसाच तो गजरा माझ्याकडे वळवला. तिची तरी काय चूक! पण आत्याने ते पाहिलं होतं.

आतलं सगळं आत्याने नीट हिंडून बघितलं. वाचनालय बघितलं, विहीर बघितली. परतताना गाडीत बाबा खुशीत होते. फी बेताची, सगळ्या मुलीच, स्टेशनपासून सोयीचं. "मग काय, पसंत ना?"

"नको, दादा."

"का पण?"

"फार फुलं आहेत."

"फुलं आहेत म्हणून नकार? अगं, लोक फुलं नाहीत म्हणून..."

"अहो," आई म्हणाली, "नको म्हणतेय ना ती." आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाबांना काही उमगलं नाही. मला उमगलं, आणि मी डोक्यातला गजरा काढून पिशवीत टाकला. आत्याने तो बाहेर काढला, नीट झटकला, आणि परत माझ्या वेणीत अडकवला. "तुला छान दिसतो. उगाच शहाणपणा करू नको," म्हणाली.

तिसरं कॉलेज आत्याने पाहिलं आणि बघणं तिथेच संपलं. ते शहराच्या मधोमध होतं, जुनं, दगडी, मुलामुलींचं एकत्र. करड्या दगडाच्या उंच कमानी, लांबच लांब व्हरांडे, आणि पुढच्या मैदानात ती पसरट छत्रीसारखी झाडं, ज्यांची पानं संध्याकाळी मिटतात. एकेका झाडाखाली आमची अख्खी वसाहत जेवायला बसली असती. इथे कुणी गुलाब लावलेले नव्हते, कुणी काही सजवलं नव्हतं. पूर्वीच्या कुणीतरी झाडं लावली आणि मग शंभर वर्षं त्यांना त्रास दिला नाही, एवढंच. नन लोकांचं कॉलेज बघून 'आपण इथे शोभू का' असं वाटलं होतं, मुलींच्या कॉलेजात 'आपल्याला इथे आवडेल' असं वाटलं होतं. इथे मात्र आपल्याकडे कुणी बघतच नव्हतं. म्हातारा, तरुण, फेट्यातला, टोपीतला, सगळे आपापल्या कामात. आत्या पायऱ्यांवर बसली. हाताने दगड चाचपला. मग डोकं मागे टेकून झाडाकडे बघत राहिली.

"भारी चंद आहे, नाही?" अक्का म्हणाल्या. चंद म्हणजे त्यांच्या भाषेत सुंदर.

"हो," आत्या म्हणाली. "हे."

प्राचार्य भले गृहस्थ होते. बंद गळ्याचा कोट, डोक्याला जरीच्या काठाचा म्हैसुरी फेटा. त्यांनी दोघींचे गुण बघितले. आत्याचे माझ्यापेक्षा चांगले होते, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. ते म्हणाले, दोघींना जागा आहे. आजच फी भरलीत तर आजच नाव घालतो.

फीचे पैसे बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात होते. आईनेच सकाळी ठेवले होते. आत्याने मान वर केली नव्हती, पण तिच्या हाताची बोटं पदराच्या टोकाशी खेळायची थांबली होती. आणि बाबा खुर्चीत जरा मागे रेलले, घसा खाकरला, आणि इंग्रजीत म्हणाले, "आभारी आहे. घरी विचार करतो आणि कळवतो."

प्राचार्यांनी मान हलवली आणि पुढचा कागद ओढला.

बाहेर आल्यावर बाबांची चाल बदललेली होती. "असं असतं," ते आम्हाला सांगत होते. "विचारल्याबरोबर हो म्हटलं की आपली किंमत उतरते. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! जाऊ द्या चार दिवस." आत्याला तर त्यात काही वावगं दिसलंच नाही. थोरल्या भावाने बोलणी केली, आता रीतीप्रमाणे होईल, असंच तिला वाटलं. गाडीत ती मला सांगत होती, आपण डबा कुठल्या झाडाखाली खायचा. पावसात कुठल्या व्हरांड्यात उभं राहायचं. घरी येऊन तिने पीठ मळता मळता काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली, तेव्हा आई हातातलं काम थांबवून ऐकत उभी राहिली.

मान राखण्यापुरता आठवडा जाऊ दिला आणि बाबा पैसे घेऊन एकटेच गेले. दुपारी परत आले ते बूट न काढता व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. बूट घालून घरात बसलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते.

"भरल्या जागा," ते म्हणाले. "परवाच. त्यांना वाटलं, आपल्याला नको."

अक्का कुंपणापलीकडून ऐकत होत्या. त्या तरातरा आत आल्या. "अय्यो, असं का केलात हो? स्वल्प मला विचारायचं होतं की! बाहेर उभी होते मी. 'कळवतो' म्हटल्यावर कोण थांबतंय?"

"अक्कांना कशाला विचारायला हवं होतं," आई हळूच बाबांना म्हणाली. "आपल्यात तरी 'कळवतो' म्हणणाऱ्यांनी कधी कळवलंय?"

मी फार आदळआपट केली. तुमच्यामुळे झालं, तुमची ऐट नडली, असं बाबांना तोंडावर म्हणाले. तो प्रसंग मी पुष्कळदा आठवते, आणि आता मला त्यांचा राग येत नाही, मला रडू येतं. बाबांना तीन बहिणी. तिघींची लग्नं त्यांनी जमवली. म्हणजे किती दिवाणखान्यांत ते टोपी हातात धरून बसले असतील, किती घरी त्यांनी पोह्यांच्या बशा पुढे केल्या असतील, आणि पान खात उठणाऱ्या किती माणसांनी त्यांना म्हटलं असेल, 'कळवतो.' जन्मभर तो शब्द त्यांनी ऐकून घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने आपण होऊन 'हो' म्हटलं, तेही त्याच बहिणीसाठी, आणि तो शब्द एकदा आपल्यालाही म्हणता येतोय हे बघून त्यांना मोह आवरला नाही. एवढंच झालं होतं. त्याची किंमत मात्र आत्या भरणार होती.

दुसऱ्या दिवशी ते मुलींच्या सरकारी कॉलेजात जाऊन आले. तिथे एकच जागा उरली होती.

"तिला घाला," आत्या म्हणाली. "माझ्यापायी तिचं वर्ष कशाला? स्टेशनमास्तरांची मुलगी जाते, तिच्याबरोबर जाईल." आणि पलंगाखालची ट्रंक ओढून अंगणात घेऊन गेली. कपड्यांना ऊन देते म्हणाली. ऊन द्यायला ट्रंकेत होतंच काय, चार लुगडी आणि एक शाल. ती एकेक वस्तू दोरीवर घालत होती, आणि आम्ही सगळे आपापल्या जागी बसून ते बघत होतो.

अक्काच पुन्हा आल्या. त्यांच्या बहिणीच्या मुलाने सांगितलं होतं, शहराच्या दक्षिणेला, पार टोकाला एक नवं कॉलेज निघालंय. जागा असतील. "पण रूपाने स्वल्प कमीच आहे हं," त्या म्हणाल्या. "आत्ताच सांगते."

"रूप पुरे झालं आता," आई म्हणाली. कॉलेजच्या बाबतीत इतके दिवस तिने स्वतःहून काही ठरवलं नव्हतं. तिने बाबांच्या कोटाचा खिसा चाचपून पैसे आहेत ना बघितलं. "उद्या सकाळच्या गाडीने जायचं. आणि जागेवर हो म्हणायचं. पदरी पडलं आणि पवित्र झालं."

"सरी, ठरलं तर," अक्का म्हणाल्या.

त्या कॉलेजचं वर्णन करणं अवघड आहे, कारण वर्णन करण्यासारखं तिथे काही नव्हतं. एक भाड्याचा बंगला, त्याच्या मागे सिमेंटच्या पत्र्यांच्या दोन लांब शेड, आणि त्यापलीकडे विटांचे ढीग, वाळू, चुन्याचा हौद. नवी इमारत बांधणं चाललं होतं. कुंपण नाही. झाड म्हणाल तर नुकतीच लावलेली निलगिरीची रोपं, गुडघ्याएवढी, काटक्यांना बांधलेली. वारा आला की चुन्याची भुकटी उडायची आणि सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. मला रडूच कोसळायच्या बेतात होतं. दगडी कमानी कुठे आणि हे कुठे!

बाबा मात्र ऑफिसच्या दारातूनच "येस, येस" म्हणत आत शिरले. कारकुनाने अजून काही विचारलंदेखील नव्हतं.

दोन जागा होत्या. कारकुनाने दाखले घेतले. माझं काम झालं. आत्याच्या मॅट्रिकच्या दाखल्यावरचं नाव तो मोठ्याने वाचू लागला, तसं बाबांनी त्याला थांबवलं. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत. तबकात तांदूळ पसरून, त्यात सोन्याच्या अंगठीने लिहून, आत्याला सासरचं नाव मिळालं होतं. पत्रं त्याच नावाने यायची. घरी बाबा तिला 'बाळ' म्हणत, आई 'वन्सं', आणि मी 'आत्या'. दाखल्यावर होतं ते तिचं शाळेतलं नाव. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

"हे नाव आता नाही," बाबा म्हणाले. "लग्नानंतरचं घालायला हवं."

"मग कोर्टाचा कागद आणा," कारकून कानडीतून म्हणाला आणि अक्कांनी ते सांगितलं. "आठ-पंधरा दिवस लागतील. तोवर जागा राहील असं नाही."

बाबा घुटमळले. सासरच्यांना कळलं तर काय म्हणतील, ते त्यांच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं.

"आहे ते असू दे, दादा," आत्या म्हणाली. तिने कारकुनाच्या हातातून टाक घेतला आणि तेच नाव, माहेरच्या आडनावासकट, सही म्हणून लिहिलं. अक्षर शाळकरी होतं, गोल गोल. बाबांनी पैसे भरले.

आठवड्याने कॉलेज सुरू झालं. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघी पुढून दुसऱ्या बाकावर बसलो. मुलं मागे, मुली पुढे. आत्याच्या कपाळाकडे आणि वयाकडे एक-दोघींनी वळून बघितलं, मग आपापल्या वह्या उघडल्या. तरुण लेक्चरर हजेरी घ्यायला लागले. माझं नाव आलं, मी "प्रेझेंट सर" म्हटलं. पुढे काही नावं झाली आणि मग ते एक नाव आलं. कुणी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा घेतलं. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. आत्याही बघू लागली, कोण आहे ही, म्हणून. मी तिला कोपराने ढोसलं. "अगं, तूच!"

आत्या ताडकन उभी राहिली आणि शाळेत शिकवलेलं होतं तसं, खणखणीत मराठीत म्हणाली, "हजर!"

सगळा वर्ग हसला. सरही हसले, आणि हाताने 'बसा, बसा' म्हणाले. आत्या बसली. तिचे कान लाल झाले होते. पुढचा सगळा तास ती समोर बघत होती, पण फळ्यावर काय लिहिलं ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, याबद्दल मी पैज लावली असती.

मधल्या सुटीत डबा खायला सावली शोधत आम्ही विटांच्या ढिगामागे बसलो. मी मनसोक्त कुरकुरले. पत्रा तापतो. पाण्याला वास येतो. ती नन लोकांची हिरवळ आठवते का? ती आंब्याची झाडं? आणि दगडी कॉलेजात असतो तर आत्ता त्या झाडाखाली बसलो असतो, ज्याखाली तू डबा खाणार होतीस! हे जरा लागेल असंच बोलले. आत्याने पोळीचा तुकडा मोडला होता, तो तसाच हातात होता. ती माझं काही ऐकत नव्हती.

"ए," ती म्हणाली. "एकदा त्या नावाने हाक मार मला."

"मी? आत्याला नावाने हाक मारू?"

"आत्या घरी. इथे आपण एका बाकावरच्या."

मी आजूबाजूला बघितलं, आणि हळूच ते नाव घेतलं. एवढ्या हळू, की माझं मलाच कसंसं वाटलं.

"अशी नाही. शाळेत मुली रस्त्याच्या पलीकडून मारायच्या तशी."

मी उठले. विटांच्या ढिगाला वळसा घालून, चुन्याच्या हौदापलीकडे, निलगिरीच्या रोपांपर्यंत गेले. पदर खोचला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पोटापासून हाक मारली. काम करणाऱ्या गवंड्यांनी माना वळवल्या. विटांमागून आत्याचा आवाज आला, "ओ!"

मी परत येऊ लागले. मी आणखी काही म्हटलेलं नव्हतं, तरी ती पुन्हा म्हणाली, "ओ."